कॅसोवरीने घेतलेला घास

सुरुवातीलाच सांगते, भुतंखेतं, संकेत, 'आत्मा अडकणं' यांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. इथले अनुभव मी आवडीने वाचते, पण खाली "आधी डोळ्यांचा नंबर तपासून घ्या" अशा कमेंट टाकणारी ती खवचट बाई मीच. पेशाने सॉफ्टवेअर टेस्टर. जी गोष्ट पुन्हा करून दाखवता येत नाही, ती मी रिपोर्टमध्ये धरत नाही. आता जे लिहितेय ते पुन्हा करून दाखवता येणार नाही... तरी लिहितेय, कारण मनात ठेवून ठेवून मला त्याचा त्रास व्हायला लागलाय.

आम्ही मेलबर्नला टार्निटमध्ये राहतो. मी, नवरा मंदार आणि नऊ वर्षांची इरा. माहेर चिंचवडचं. ही गोष्ट मात्र इथून खूप वर घडली, क्वीन्सलंडमध्ये, केर्न्सच्या दक्षिणेला इनिसफेल गाव मागे टाकून किनाऱ्याकडे वळलं की जे जंगल लागतं तिथे. वस्तीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तिथल्या बाईंना त्रास नको.

माझा धाकटा भाऊ सौरभ. आमच्याकडे झाडून सगळे आयटी नाहीतर मेकॅनिकल. हा एकटा बॉटनी घेऊन बसला आणि पुढे पीएचडीसाठी त्या रेनफॉरेस्टमध्ये येऊन पोचला. तिथे कॅसोवरी नावाचा पक्षी असतो. माणसाएवढा उंच, उडता येत नाही, अंगावर केसांसारखी काळी पिसं, निळी मान आणि डोक्यावर शिरस्त्राणासारखं हाड. पायाच्या आतल्या बोटाला सुऱ्यासारखं नख असतं, त्यामुळे त्याच्या वाटेला कोणी जात नाही. हा पक्षी मोठमोठी फळं अख्खी गिळतो आणि बिया विष्ठेतून जंगलभर टाकत फिरतो. सौरभ त्या बियांचा अभ्यास करायचा. सोसायटीत कुणी विचारलं, "धाकटा काय करतो?" की बाबा अगदी गंभीर चेहऱ्याने सांगायचे, "पक्ष्याची शी धुतो. स्कॉलरशिप मिळते त्याची."

बाबा कारखान्याच्या टूलरूममध्ये होते. हातात कला होती आणि तोंडात कमी शब्द. तरुणपणी हरिद्वारहून आणलेल्या रुद्राक्षांची माळ त्यांनी स्वतः केली होती. भोक पाडताना मणी तडकायला लागले, म्हणून प्रत्येक मण्यात फ्रीजच्या कॅपिलरी ट्यूबचा तांब्याचा बारीक तुकडा बसवून त्याची दोन्ही टोकं पंचने फुलवली. असली माळ दुकानात मिळत नाही, कारण इतकी उठाठेव दुसरं कोणी करणार नाही. सौरभ ऑस्ट्रेलियाला निघाला तेव्हा त्यांनी माळ सोडली, एक मणी काढून काळ्या दोऱ्यात त्याच्या गळ्यात बांधला आणि बाकीची माळ परत गाठून स्वतःच्या गळ्यात घातली.

एकदा व्हिडिओ कॉलवर सौरभने त्यांना एक फळ दाखवलं. निळंशार, गोटीपेक्षा थोडं मोठं.

"बाबा, हे तुमचं रुद्राक्ष. इथे ब्लू क्वॉन्डाँग म्हणतात. आत सेम बी. कॅसोवरी हे अख्खं गिळतो."

बाबा बराच वेळ बघत राहिले. "म्हणजे तू ज्यातून बिया धुऊन काढतोस..."

"हो बाबा. त्यात रुद्राक्षच रुद्राक्ष असतात."

आईने कपाळाला हात लावला. बाबा मात्र हसले. "धुतलं की शुद्ध," म्हणाले. नंतर किती दिवस भेटेल त्याला ते हेच सांगत होते.

तीन वर्षांपूर्वी तिकडच्या पावसाळ्यात सौरभ एकटा जंगलात गेला आणि परत आला नाही. त्याची गाडी ओढ्याकाठी कच्चा रस्ता संपतो तिथे सापडली, लॉक केलेली. त्याच दिवशी वर डोंगरात धो धो पाऊस पडून ओढ्याला पूर आला होता. मी आणि मंदार पोचलो तेव्हा पोलीस आणि गावातले लोक शोधत होते, हेलिकॉप्टर घिरट्या घालत होतं. पण ते जंगल वरून फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं दिसतं, खाली काही दिसत नाही. आत शिरलं की दुपारीही संध्याकाळ. काटेरी वेताच्या वेली अंगाला धरतात आणि सोडवत बसावं लागतं, म्हणून तिथले लोक त्या वेलीला 'वेट अ व्हाईल' म्हणतात. मी एकदाच शोधणाऱ्यांबरोबर आत गेले. रस्त्यापासून जराशी आत गेले असेन, मागे वळून पाहिलं तर रस्ता नव्हता.

बाबा चिंचवडहून रोज फोन करायचे. बोलणं एकच. "ओढ्याच्या पलीकडे बघितलं का?"

मी पोलिसांना विचारायचे. ते समजावून सांगायचे की गाडी अलीकडे आहे, ओढा दुथडी भरलेला होता, पलीकडे जाणं शक्यच नव्हतं. मी तेच बाबांना सांगायचे. दुसऱ्या दिवशी बाबा पुन्हा विचारायचे, "पलीकडे बघितलं का?" शेवटी शोध थांबवला. ओढ्यात वाहून समुद्रात गेला असावा, असं म्हणाले. समुद्र जवळच आहे तिथे.

पुढच्या वर्षी बाबा गेले. हार्ट. मी पोचेपर्यंत बापूकाकांनी, म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाने, सगळी तयारी केली होती. माळ गळ्यातून काढायची का, असं कुणीतरी विचारलं. "राहू दे, जन्मभर घातली त्याने," काका म्हणाले. विद्युतदाहिनीत जाताना ती बाबांच्या गळ्यात होती. मी माझ्या डोळ्यांनी पाहिली.

दहाव्याला कावळा शिवला नाही.

ज्यांनी हे अनुभवलंय त्यांना माहीत आहे तो प्रकार. पिंड ठेवलेला, समोर भिंतीवर कावळे बसलेले, आणि एकही पुढे येत नाही. मग एकेक जण हात जोडून कबूल करायला लागतो. बापूकाका म्हणाले, वहिनीला अंतर देणार नाही. मी म्हटलं, आईला माझ्याकडे नेईन. मनात मला या सगळ्याचा राग येत होता. शेवटी आई पुढे झाली आणि म्हणाली, "सौरभला शोधून आणीन." एक कावळा खाली उतरला, पिंडाकडे बघितलं आणि उडून गेला. ऊन चढायला लागलं. मग गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला लावून आम्हाला मोकळं केलं.

आई मोकळी झाली नाही. "गवताच्या कावळ्यावर बोळवण केली यांची," ती वर्षभर म्हणत राहिली. सौरभचं तर काहीच करता येत नव्हतं. देह नाही, त्यामुळे अंत्यविधी नाही. नातेवाइकांनी सुचवलं, पळसाच्या पानांचा पुतळा करून त्यावर संस्कार करतात, शास्त्रात आहे. आई जेवढ्यास तेवढं बोलली. "माझं पोर हातात येईपर्यंत मी पानं जाळणार नाही." तिला एवढंच हवं होतं, त्याचं काहीतरी, एक हाड का होईना, हातात यावं.

गेल्या सप्टेंबरमध्ये ती आमच्याकडे होती. इराच्या शाळेला सुट्टी लागली, त्यातच सर्वपित्री आली. आईने विचारलं, "मला ती जागा दाखवशील?" मला नाही म्हणता आलं नाही.

सुट्टीमुळे सगळीकडे फुल. एकच घर मिळालं, ते ओढ्याच्या पलीकडच्या अंगाला, जिथे आम्ही आधी कधी गेलोच नव्हतो. लाकडी घर, मागे हिरवळीचा तुकडा, आणि तो संपतो तिथे एकदम जंगलाची भिंत. शेजारच्याच घरात मालकीण राहायची, जॅनिस, निवृत्त शिक्षिका, वागायला करडी. तिने किल्ली देतानाच बजावलं, "हा एरिया कॅसोवरीचा आहे. सहसा घराजवळ येत नाहीत. आला तर मागे मागे सरका, पळू नका. आणि खायला अजिबात घालायचं नाही, फाईन आहे. फाईन जाऊ दे. खायला मिळालं की तो माणसांच्या मागे रस्त्यावर येतो आणि गाडीखाली मरतो." मी भाषांतर करून आईला सांगितलं. आईने मान डोलावली.

सर्वपित्रीच्या दिवशी तिने सकाळपासून स्वयंपाक केला. भात, वरण, वडे, खीर, आमसुलाची चटणी, गवारीची भाजी. जॅनिस बाजाराला गेली होती. तिच्या आवारातलं केळीचं एक पान मंदारने कापून आणलं. आईने ते पान हिरवळीच्या टोकाला एका दगडावर मांडलं आणि कावळ्याची वाट बघत उभी राहिली.

कावळा कसला यायचा. एक ब्रश टर्की आला, काळा, लाल डोक्याचा, कोंबड्यासारखा.

"आई, हाच ऑस्ट्रेलियन कावळा समज," मी म्हटलं.

"तुझी थट्टा घरी गेल्यावर कर. इरा, हाकल गं त्याला."

"शू! गो अवे!" इरा टाळ्या वाजवत धावली. टर्की पळाला.

त्यानंतर जे झालं ते मी जमेल तितकं क्रमाने सांगते.

आधी किड्यांची किरकिर थांबली. तिथे ती कधीच थांबत नाही, त्यामुळे कान गच्च झाल्यासारखे वाटले. मग छातीत काहीतरी घुमलं. आवाज म्हणता येणार नाही, शेजारच्या खोलीत जड वॉशिंग मशीन फिरताना फरशी घुमते तसं. सौरभनेच कधीतरी सांगितलं होतं की कॅसोवरीचा आवाज इतका खालचा असतो की कानाआधी अंगाला कळतो. मी "आई, मागे ये" म्हणेपर्यंत पानं हलली आणि तो बाहेर आला.

मंदारने इराला ओढून पायरीवर घेतलं. तिने त्याचा हात घट्ट धरला होता. "डॅड, इट्स ह्यूज," एवढंच हळूच म्हणाली. मी हिरवळीच्या मधोमध खिळून उभी. आई दगडाजवळ, आणि तिच्यासमोर तीन-चार हातांवर तो. आईपेक्षा उंच. त्याचा तपकिरी डोळा तिच्यावर रोखलेला. पाय इतके जाड की मला दुसरं काही दिसेना.

आई मागे सरली नाही. तिने पदर खांद्यावरून पुढे घेतला, जसा बाबांकडचं कोणी मोठं माणूस आल्यावर घ्यायची, आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "अहो, जेवून घ्या."

पक्षी हलला नाही.

"पोरासाठी अडकलात ना? मला माहितीय. तेवढं पोर माझ्या हातात द्या. मग तुम्ही सुटलात. मी अडवणार नाही, रडणार पण नाही."

मला तेव्हा फक्त भीती वाटत होती, हे कबूल करते. आईला वेड लागलं आणि हा पक्षी आता तिला फाडणार, एवढंच डोक्यात होतं. त्याने मान खाली घातली आणि खायला लागला. भात उचलायचा, मान वर झटकून गिळायचा. वडे गेले, खिरीत चोच बुडवली, चटणी गेली. गवारीची भाजी त्याने चोचीने पानाच्या कडेला सारली आणि तशीच ठेवली. बाबा जन्मभर गवार कडेला सारत आले होते आणि आई प्रत्येक श्राद्धाला ती करायची, कारण करावी लागते. गवार कुठल्याही पक्ष्याला आवडत नसेल, असं मी त्याच क्षणी स्वतःला समजावलं.

खाऊन झाल्यावर तो वळला, हिरवळीच्या कडेला थांबला, आणि जाता जाता भलीमोठी शी करून जंगलात गेला. किड्यांची किरकिर पुन्हा सुरू झाली.

"इट जस्ट पूड," इरा म्हणाली. मला हसू आलं आणि रडूही यायला लागलं.

दुसऱ्या कोणी त्या ढिगाकडे ढुंकून पाहिलं नसतं. आई सरळ तिथे जाऊन बसली. जांभळट-निळा लगदा, त्यात बियाच बिया. तिने काडीने उकरलं. "रुद्राक्ष आहेत गं. सौरभ म्हणायचा तेच." मला किळस येत होती, पण तिला अडवायची माझी हिंमत नव्हती. मुलाने जे काम केलं, ते तिला एकदा स्वतः करून बघायचं असावं. बागेतल्या नळाखाली तिने चाळणीत बिया धुतल्या, एकेक बोटांनी चोळून. आणि चोळता चोळता तिचा हात थांबला.

"मेघा, इकडे ये."

तिच्या तळहातावर एक मणी होता. आरपार भोक. भोकात तांब्याची नळी, दोन्ही टोकांना फुलवलेली.

आई जोरात रडली नाही. तिने मूठ मिटली आणि म्हणाली, "पोलिसांना बोलाव."

जॅनिस परत आली तेव्हा केळीचं पान अजून दगडावर होतं. ती भडकली आणि मला ऐकवलं ते योग्यच होतं. मग मी तिला मणी दाखवला आणि सौरभबद्दल सांगितलं. ती खुर्चीत बसली. म्हणाली, "हा म्हातारा नर आहे. त्यांच्यात मादी अंडी घालून निघून जाते, पिल्लं बापच वाढवतो. रस्त्याकडची बाजू एका मादीची आहे, तिथे हा जात नाही. आमच्या मागच्या घळीतच असतो, वर क्वॉन्डाँगची मोठी झाडं आहेत तिथे. आणि त्याच्या पोटात काही टिकत नाही. काल-आज गिळलं, ते आज पडलं." तिने गावच्या पोलीस सार्जंटला स्वतः फोन लावला. तो आला, मणी बघितला, आईकडे बघितलं. "नो वरीज, वी विल हॅव अ लुक," म्हणाला. त्याला काही सापडेल असं वाटत नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सौरभ सापडला.

ओढ्याच्या पलीकडे, म्हणजे घराच्या बाजूला, घळीत वर. एका प्रचंड क्वॉन्डाँगच्या बुंध्याला फळ्यांसारखी उभी मुळं असतात, तशा दोन मुळांच्या मधल्या कोनाड्यात. वरून वेताच्या वेलींनी सगळं झाकलेलं. पूर यायच्या आधीच त्याने ओढा ओलांडला असावा, असं पोलीस म्हणाले. मांडीचं हाड मोडलेलं होतं. घसरला असेल, आणि मग मधे पूर. तो त्या कोनाड्यात किती वेळ जिवंत होता हे आम्ही विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. ओढ्याच्या त्या काठाला हेलिकॉप्टरचा आवाज नक्की येत असणार, हा विचार माझ्या डोक्यातून आजही जात नाही. बाबा रोज विचारत होते.

ओळख पटवण्यासाठी आम्हाला स्टेशनवर बोलावलं. सार्जंटने टेबलावर पारदर्शक पिशव्या ठेवल्या. बुटाचा तळ, पट्ट्याचं बक्कल, गाडीची किल्ली. शेवटच्या पिशवीत काळा दोरा होता, कुजून शेवाळलेला, पण गाठ शाबूत. आणि दोऱ्यात मणी. तांब्याची नळी हिरवी पडलेली.

मी आईकडे पाहिलं. तिने पर्समधून रुमाल काढला आणि तिच्याकडचा मणी पिशवीशेजारी ठेवला.

"ओह. तर त्याच्याकडे दोन होते," सार्जंट म्हणाला.

नव्हते. त्याच्याकडे एकच होता. निघायच्या दिवशी माळ सोडून मणी काढला तेव्हा मी समोर बसले होते, बाबांनी माझ्याच हातात दोऱ्याचं टोक धरायला दिलं होतं. तरी मी घरी येऊन बापूकाकांना फोन केला आणि माळेचं विचारलं. काका वैतागले. "अगं, तुझ्यादेखत गळ्यात होती. आत गेली त्याच्याबरोबर. तांब्याचे तुकडे राखेत सापडले, ते मीच नदीत सोडले."

आता टेस्टर म्हणून जेवढं बघता आलं तेवढं सांगते. दोन्ही मण्यांतल्या नळ्या एकाच जाडीच्या, फुलवलेल्या टोकांवर पंचची तीच खूण. सौरभच्या मण्यातलं तांबं हिरवं, तीन पावसाळे खाल्लेलं. पक्ष्यातून आलेल्या मण्याचं तांबं मात्र हिरवं नाही. ते काळंजांभळं आहे, गॅसच्या बर्नरवर भांडं खूप वेळ राहिल्यावर होतं तसं. आणि त्याच्याभोवतीचं रुद्राक्ष अगदी चांगलं आहे, कुठे चटका लागल्याची खूणसुद्धा नाही. तांबं काळं पडेल एवढ्या आगीत बी कशी राहील? मंदार म्हणतो, पक्ष्याच्या पोटातल्या ॲसिडने तांब्याचा रंग बदलला असेल. असेल. पण तो मणी मुळात तिथे आला कुठून?

सौरभला केर्न्सला अग्नी दिला. अस्थी घेऊन आई आणि मी चिंचवडला गेलो. विधी झाले. या वेळी पिंड ठेवून गुरुजींनी हात मागे घ्यायच्या आत कावळा आला आणि घास घेऊन गेला. आई खाली मान घालून उभी होती. ठरल्याप्रमाणे रडली नाही.

मी टार्निटला परतले, ती तिथेच राहिली. मला वाटलं, संपलं.

काही आठवड्यांनी जॅनिसचा मेसेज आला. तो म्हातारा नर गेला होता. आम्ही निघाल्यापासून रोज हिरवळीवर येऊन त्या दगडापाशी उभा राहायचा, मग आजूबाजूच्या घरांपाशी जायला लागला, आणि एका दुपारी रस्ता ओलांडताना गाडीखाली आला. "थॉट यू शुड नो," एवढंच लिहिलं होतं. तिने आम्हाला दोष दिला नव्हता. द्यायची गरजही नव्हती, किल्ली देतानाच तिने सगळं सांगितलं होतं.

मी आईला व्हिडिओ कॉल केला. चिंचवडला संध्याकाळ होत होती, तिने नुकताच कुकर लावला होता. सांगावं की नाही याचा मी जरा विचार केला आणि सांगून टाकलं.

तिने गॅस बंद केला.

"कधी?"

"दोन-तीन दिवस झाले असतील."

"सुटले," ती म्हणाली. मग फोन मसाल्याच्या डब्याला टेकवून ठेवला. "थांब हं. डोक्यावरून आंघोळ करून येते."

आपल्याकडे जवळचं माणूस गेल्याचं कळलं की अशी अवेळी आंघोळ करतात. बाबा गेले तेव्हा तिने केली होती, सौरभ सापडला तेव्हा जंगलाकाठच्या त्या घरात केली होती. मी रिकाम्या स्वयंपाकघराकडे बघत बसले आणि आतून बादलीत पाणी पडल्याचा आवाज ऐकत राहिले. नेहमीपेक्षा खूप वेळ लागला तिला. बाहेर आली तेव्हा केसांना टॉवेल होता आणि डोळे लाल होते. न रडण्याचा शब्द दिला होता म्हणून तिने नळ सोडून ठेवला असणार.

दोन्ही मणी आता तिच्या देव्हाऱ्यात एका वाटीत आहेत. मी अजून भुतंखेतं मानत नाही. पण त्या वाटीचं मला काही सांगता येत नाही, आणि दुसरंही एक ठरवता येत नाही... बाबा त्या दिवशी सुटले, की पोराला शोधून देणाऱ्या एका मुक्या पक्ष्याला आम्ही एका घासासाठी मारलं.